कुलपाची नव्हे, पाण्याची

या मित्रांनो, जवळ येऊन बसा. अजून थोडं पुढे सरका. मातीखालून बोलायचं म्हणजे आवाज लांब जात नाही. एका भांडणाची गोष्ट सांगते. ते एका शब्दावरून पेटलं, आणि तो शब्द म्हणजे मीच.

मी एक जुनी चावी आहे. कुलपाची नव्हे, पाण्याची. रस्त्याखालची नळी अंगणात शिरते तिथे एका खड्ड्यात मी बसलेली असते. पितळेचं अंग, वर आडवी मूठ. मूठ एकीकडे फिरवली की वरच्या मजल्याला पाणी, दुसरीकडे फिरवली की बंद. कारखान्यात मला ओतलं, घासलं, लख्ख केलं, तेव्हा वाटलं होतं, कुठेतरी दिमाखात मिरवेन. नशिबी आला खड्डा. पण देवाने बसवलं तिथे बसावं, आणि वाहतं ते वाहू द्यावं.

खालच्या मजल्यावर काका-काकू राहत. वरचा मजला भाड्याचा, घरमालक परगावी. नवा भाडेकरू यायचा असला की काका काकूंना सांगत, "जरा चावी बघून येतो." मग अंगणात उकिडवे बसून झाकण काढत, तेल सोडत आणि देवाचं नाव गुणगुणत मला उघडत. "शहाणी गं माझी," असंही म्हणत. येणारा माणूस वर जाऊन नळ सोडी, पाणी येई. पाणी आलं की ते कुठून आलं, हे कोण विचारतं?

मग वरचं बिऱ्हाड गेलं. काकांनी मला बंद केलं, आणि पुढे काकाच गेले. काकूंनी त्यांच्या गुलाबाची जड कुंडी नेमकी माझ्या झाकणावर आणून ठेवली, का तर तिथे ऊन बरं येतं. कुंडीतलं गढूळ पाणी माझ्यावर ठिबकू लागलं. मूठ हिरवी पडली, अंग आखडलं. मीही सगळ्यांवरच राग धरून बसले.

अशात वर माय-लेकी राहायला आल्या. लेकीला या शहरात नवी नोकरी लागली होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. जखम स्वच्छ ठेवा, नाहीतर पुन्हा दवाखाना, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

पहिल्या दिवसापासून ठिणग्या उडू लागल्या. वीज जोडणारा आला, त्याने मीटरच्या पेटीचं दार धाडकन लावलं. काकू कडाडल्या, "दार आहे ते, नगारा नव्हे!" गॅसवाल्याने सिलिंडर पायऱ्यांवर आपटत नेला. इंटरनेटवाल्याने काकूंच्या खिडकीवरून वायर ओढली, तर काकूंनी त्याच वायरीवर पायपुसणी वाळत घातली.

"काकू, वायर तुटेल!"

"मग तुमच्या डोक्यावरून न्या. माझ्या खिडकीवरून कशाला?"

दिवे लागले, शेगडी पेटली. पाणी मात्र येईना. देवाची करणी आणि नारळात पाणी म्हणतात; इथे नळातसुद्धा नव्हतं. लेक कामावर जाण्याआधी कोपऱ्यावरच्या नळावरून बादल्या वाहून आणी. जिन्यात पाणी सांडे. काकू म्हणत, "मला पाडायचा बेत दिसतोय."

लेकीने घरमालकाला फोन केला. तो घाईत म्हणाला, "अहो, चावी खाली काकूंकडेच आहे की!" आणि फोन ठेवला. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला कुलूप होतं. लेकीला वाटलं, त्याचीच चावी. ती खाली आली.

"काकू, टाकीची चावी द्या."

"माझ्याकडे कुणाची चावीबिवी नाही."

"मालक सांगतात, तुमच्याकडेच आहे."

"म्हणजे मी खोटी? काल आलीस आणि मला चोर ठरवतेस?"

"चोर कोण म्हणालं? लपवलीय, एवढंच म्हणते."

"वा! केवढा फरक!"

मित्रांनो, दोघीही खरं बोलत होत्या. खऱ्याची खऱ्याशी जुंपली की कुणीच माघार घेत नाही.

नळवाला आला. काकूंनी त्याला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. फाटकातूनच डोकावून तो म्हणाला, "जुनी नळी कुजली असणार. उद्या अंगण खणून नवी टाकतो." म्हणजे कुंडीही जाणार आणि मी भंगारात. काकू फाटक धरून उभ्या राहिल्या. "माझ्या माणसाच्या गुलाबाला हात लावून दाखव!"

लेकीचा आवाज फाटला. "तुमचा गुलाब जगू दे हो! माझी आई सडली तरी चालेल! नोकरी सोडते, सामान बांधते, मग बसा तुमच्या चाव्या कुरवाळत!"

तेवढ्यात वरच्या खिडकीतून आईचा आवाज आला.

"अगं ए, किती भांडाल? आमच्या जुन्या घरी तर नळाच्या कॉकलाच चावी म्हणायचे. तो मालक त्या चावीचं म्हणत नसेल ना?"

काकूंनी फाटक सोडलं. काकू खाली बसल्या, अगदी काका बसत तिथे.

"चावी बघून येतो म्हणायचे," त्या पुटपुटल्या. "मला वाटायचं, वरचं कुलूप बघायला जातात. पण तेलाचा डबा घेऊन बसायचे ते इथेच, या कुंडीखालच्या झाकणापाशी."

लेक कुंडीला हात लावायला वाकली.

"लांब हो. त्यांची कुंडी मी हलवीन."

कुंडी सरकली, झाकण निघालं, डोळ्यांत ऊन गेलं. काकूंनी मूठ पिरगळली. मी हलले नाही. इतके दिवस चिखल खाल्ला, आता का हलू? काकू आत गेल्या आणि काकांचा तेलाचा डबा घेऊन आल्या. तो ओळखीचा वास आला आणि माझा सगळा ताठा गळाला. मी कुरकुरत फिरले.

वर नळ खोकला, फुरफुरला आणि धो धो सुटला.

"आलं! काकू, पाणी आलं!"

"मग ओरडतेस काय? आधी आईचा पाय धू."

तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून दोघींचं गूळपीठ जमलं. छे! वायरीवर पायपुसणी अजून वाळते. मात्र कुंडी आता हातभर बाजूला असते, आणि अधूनमधून काकू तेलाचा डबा घेऊन येतात. तेल सोडतात, झाकण लावून जातात.

मित्रांनो, आम्हा गाडलेल्यांना फार काही लागत नाही. कधीतरी तेल, आणि डोक्यावर ओझं नको. पण माझं राहू द्या. कधी नव्या गावात, नव्या घरात जाल, नळ सोडाल आणि पाणी लगेच येईल. ओंजळ भरण्याआधी क्षणभर थांबा, आणि तुम्ही यायच्या आधी अंगणात उकिडवं बसून गेलेल्या त्या माणसाची आठवण काढा.