शिंप्याने गिळलेली टाचणी

मित्रांनो, मी एक जुना पचनमार्ग आहे. चोपन्न वर्षे एका शिंप्याच्या पोटात राबतो आहे. माझी लांबी मोजायची तर त्याचा टेप ओठांपासून शेवटच्या दारापर्यंत पाच-सहा वेळा लावावा लागेल.

हा शिंपी जेवतो घाईत. दातांचे काम माझ्या जठरावर ढकलतो आणि वर चारचौघांत सांगतो, की त्याला दगडही पचतात. ते ऐकून मी सुखावायचो, हे कबूल करतो.

कोट बेतताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तो टाचण्या ओठांत धरतो. मुलीने शंभरदा बजावले होते. एका सोमवारी गिऱ्हाइकाने गंमत सांगितली, शिंपी हसला आणि चारांतल्या तीनच टाचण्या ओठांत उरल्या.

श्वासनलिकेवरचे झाकण वेळेवर मिटले, म्हणून चौथी माझ्याकडे आली. अन्ननलिकेने तिला खाली ढकलले. काय आले ते विचारायची तिला सवयच नाही. जठरातले आम्ल घासांचा लगदा करते, पण पोलादापुढे त्याचे काही चालेना. तेव्हाच दवाखाना गाठायला हवा होता. शिंप्याने मात्र दोन केळी खाल्ली आणि गप्प बसला. दुखत नव्हते ना!

दुसऱ्या दिवशी पोटात टोचू लागले आणि त्याला जेवण जाईना, तेव्हा मुलीने खोदून विचारले आणि त्याला ओढतच नेले. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला.

"कालच आला असतात तर दुर्बिणीने काढली असती. आता ती लहान आतड्यात गेलीय. रोज फोटो काढू. अडकली तर पोट उघडावं लागेल."

"बाबा, काल का नाही बोललात?" मुलीने विचारले.

"तू म्हणाली असतीस, 'सांगत होते ना.'"



मित्रांनो, मी फार घाबरलो होतो. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस जिथे अन्नात मिसळतो, ते वळण टाचणीने ओलांडले होते. पुढे माझी भिंत मखमलीसारखी मऊ आहे. अन्नाचे सत्त्व तिथूनच रक्तात जाते. टोक टोचले की मी भिंत मागे घ्यायचो, मग टाचणी फिरायची आणि तिचे बोथट डोके पुढे व्हायचे. असे वीतवीत सरकत ती मोठ्या आतड्याच्या अरुंद दाराशी आली आणि तिथेच थांबली. दोन दिवसांचे फोटो सारखेच आले. तिसऱ्या दिवशीही ती तिथेच असेल तर शस्त्रक्रिया ठरली. शिंप्याने मुलीपुढे दुकानाची किल्ली धरली. ती तिने घेतली नाही.

त्या तिसऱ्या दिवशी पहाटे दार सैल झाले. मोठ्या आतड्याने नेहमीसारखे पाणी शोषून मळ घट्ट केला आणि त्यातच टाचणी गुंडाळून बाहेर काढली. मुलगी तेव्हा रडली.

आज दुकानात नवा कोट बेतायला घेतला आहे आणि शिंप्याच्या ओठांत पुन्हा चार टाचण्या आहेत. मला बोलता येत नाही, फक्त दुखता येते, आणि तेही उशिरा. मित्रांनो, त्या दुकानावरून गेलात तर त्याला ओरडू नका, तो दचकेल. हळूच जवळ जा आणि टाचण्यांसाठी त्याच्या तोंडापुढे आपला तळहात धरा.