छोट्या अजगराचा उपास

तैवानहून केपांजेनला, आपल्या गावी, परत येऊन वुर्यानीला दोन महिने झाले होते. या दोन महिन्यांत तिची लेक किनांती तिच्याशी वाईट कधी वागली नाही, पण पाहुण्याशी बोलावं तसं मोजून मापून बोलायची. "जेवलीस?" "हो." "शाळेत काय झालं?" "काही नाही." एवढ्यावर गाडी थांबायची.

नवरा वारल्यावर वुर्यानी तैवानातल्या ताइचुंगला एका म्हातारीची सेवा करायला गेली, तेव्हा किनांती आठ वर्षांची होती. आता पंधरा. मधली सात वर्षं ती शेजारच्या घरात आत्याकडे, मार्सी बुलिककडे वाढली. त्या काळात आईने तिकडून पाठवलेला एकही फ्रॉक तिला धड बसला नाही. प्रत्येक वेळी पोर आईच्या अंदाजापेक्षा मोठी झालेली असायची.

एका रविवारी सकाळी किनांती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"इबू, तू म्हणाली होतीस, परत आल्यावर घेऊन देईन."

"काय गं?"

"साप."

वुर्यानीच्या हातातली टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, वडी कढईत जरा जोरातच पडली. तिला आठवलं. तीन वर्षांपूर्वी फोनवर पोरीने हट्ट धरला होता आणि तिने वेळ मारून न्यायला म्हटलं होतं, 'मी आल्यावर बघू.' पोरीने ते शब्द गाठीला बांधून ठेवले होते.

तिथेच भाजी निवडत बसलेल्या मार्सीने कपाळावर हात मारला. "लोकांच्या मुली मांजर पाळतात गं!"

"मांजर तुझ्याकडे आहेच की, बुलिक. एक उंदीर तरी धरलाय का त्याने?"

वुर्यानीला सापाच्या नुसत्या चित्रानेही शिसारी यायची. पण दोन महिन्यांत लेकीने मागितलेली ही पहिली गोष्ट होती. ती म्हणाली, "चल, चप्पल घाल."

केपांजेनहून मालांग शहरापर्यंत स्कूटरवर किनांती मागची कडी धरून बसली होती. वुर्यानीला वाटत होतं, निदान वळणावर तरी पोर कमरेला धरेल.

साप विकणारी रतीह तिशीची, केस कापलेली, बोलायला फटकळ. तिच्या घरातल्या मागच्या खोलीत भिंतीला मांडण्या आणि मांडण्यांवर प्लास्टिकचे डबे. तिने वुर्यानीकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ पोरीलाच विचारलं, "कोणता हवाय?"

"बॉल पायथन, तो छोटा अजगर, म्बाक," किनांती त्या ताईला म्हणाली. "मोठी काचपेटी नको. पिल्लाला फार मोकळी जागा दिली तर ते घाबरतं. झाकणाला कडी असलेला डबा, दोन्ही टोकांना लपायला जागा. एक टोक बत्तीस अंश, दुसरं सव्वीस. आमच्याकडे पहाटे गारठा असतो, म्हणून खालून गरम होणारी चटई लागेल, पण ती आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्रावर, नाहीतर पोट भाजतं..."

वुर्यानी ऐकतच राहिली. पोरीचा आवाज असा आहे तर. बोलताना हात हलवते, बापासारखीच. सात वर्षं दर रविवारी फोन केला, पण हा आवाज आपण कधी ऐकलाच नाही.

"पाठ करून आलीस की समजलंय?" रतीहने विचारलं.

"तीन वर्षं वाचतेय."

"वाचणं वेगळं. आज साप मिळणार नाही. डबा न्या, आठवडाभर चालवा, रोज सकाळ-संध्याकाळ अंश लिहून ठेवा. आकडे बरोबर आले तर या. आणि इबू," ती आता वुर्यानीकडे वळली, "गोठवलेले उंदीर तुमच्या फ्रीजमध्ये राहतील, चालेल ना?"

"चालेल," वुर्यानी म्हणाली, आणि डब्याचे पैसे मोजायला लागली.

तो आठवडा फार चांगला गेला. डबा रिकामा, पण त्याच्या दोन्ही बाजूंना मायलेकी. किनांती शाळेत असली की वुर्यानी चष्मा लावून आकडे वहीत उतरवायची. संध्याकाळी पोर वही तपासायची. "इबू, हा तीन आहे की आठ?" "आठ. शाई पसरलीय." "नीट लिही ना." हे रागावणंही वुर्यानीला गोड लागायचं.

पुढच्या रविवारी त्यांनी साधं, तपकिरी-काळ्या पट्ट्यांचं, पेन्सिलीपेक्षा जरासं जाड पिल्लू आणलं. त्याने डोकं पोटाखाली घालून अंगाचा चेंडू केला होता. वुर्यानीने ते हातात घेतलं नाही, पण नजरही वळवली नाही.

पिल्लू खाईना. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. अंधारून येताना किनांती उंदीर कोमट पाण्यात ठेवून गरम करायची, चिमट्याने समोर धरायची, पिल्लू तोंड फिरवायचं. रतीह फोनवर म्हणाली, "जागा बदलली की असं करतात. हात लावू नका, डबा फडक्याने झाका, वजन बघत राहा." वजन घटत नव्हतं. तरी तिसऱ्या आठवड्यात पोर रडवेली झाली.

"माझंच काहीतरी चुकतंय. हे घर त्याला आवडलेलं नाही."

वुर्यानी शेजारी येऊन बसली. "ताइचुंगला ती म्हातारी आमा होती ना, जिची मी सेवा करायचे, तीही पहिले कितीतरी दिवस माझ्या हातचं खाईना. मी परकी. चमचा पुढे केला की भिंतीकडे तोंड करायची."

"मग?"

"मग काही नाही. वाटी ठेवायचे, बाजूला बसायचे, तुझा फोटो बघत. एक दिवस तिनेच वाटी ओढली."

किनांतीने डब्यावरचं फडकं नीट केलं. "तू हे फोनवर कधी सांगितलं नाहीस."

"फोनवर तुला 'जेवलीस का' एवढंच विचारायला सुचायचं."

तेविसाव्या दिवशी, बाहेर मगरिबची, सांजेची अजान चालू असताना, पिल्लाने झडप घातली. चिमटा हलला, उंदीर गेला, आणि अंगाचे वेढे आवळले गेले. किनांतीने आवाज न करता दोन्ही हात तोंडावर दाबले. मग उठली आणि धावत सुटली, अंगण ओलांडून, शेजारच्या घरात. "बुलिक! बुलिक, खाल्लं!"

वुर्यानी डब्यापाशी एकटी राहिली. पोरीचं तिकडे धावणं साहजिकच होतं. ताप आला, दात पडला, पास झाली, तेव्हा पोर त्याच घराकडे धावली असणार. ते आता मागे जाऊन बदलता येणार नव्हतं. तिने फडकं हळूच डब्यावर ओढलं, कारण खाताना त्याला कुणी बघितलेलं आवडत नाही, हे तिलाही आता ठाऊक होतं.

जरा वेळाने मार्सी आली. किनांती तिला हाताला धरून ओढत होती.

"लांबूनच बघते हं मी," मार्सी दारातच अडली. "गिळलं का अख्खं?"

"इबूला विचार," किनांती धापा टाकत म्हणाली, आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसली. "इबू, तूच सांग. पहिल्यापासून सांग."