आईचं घोरणं जिना चढतं

शाळेच्या इमारतीची दुरुस्ती निघाली आणि सातवीचा वर्ग मोबाईलवर आला. बाकीचे विषय कसेबसे चालले, पण कविता लिहायला शिकवताना बाई रडकुंडीला आल्या. मुलं बत्तीस, आणि बत्तीसही वह्यांत तोच चंद्र, तेच फुलपाखरू. एकाने ‘फूल’ लिहिलं की पाठोपाठ ‘मूल’ आलंच.

एका मंगळवारी तास रंगात येत होता, इतक्यात मागून बाईंच्या सासऱ्यांचा आवाज आला. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे बोलणं सगळं वरच्या पट्टीत.

“सूनबाई, माझा चष्मा कुठं तडमडला?”

“आजोबा, डोक्यावर!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

बाईंना हसू आवरेना. हसता हसताच त्या म्हणाल्या, “चला, चंद्राला आज सुट्टी. आत्ता घरात जे ऐकू येतंय त्याच्यावर चार ओळी. दहा मिनिटं.”

कोणी गळक्या नळावर लिहिलं, कोणी न्हाणीघरात गाणाऱ्या काकावर. मग पडद्यावर अक्षरं उमटली: ‘मी वाचू? पण हळू आवाजात.’

ती ‘म्यूट ताई’ होती. वर्गानेच ठेवलेलं नाव. वर्षभरात तिने एकदाही माईक चालू केला नव्हता. उत्तरं टाइप करायची. तिची आई नर्स, कायम रात्रपाळीला. घर एका खोलीचं, आणि तासाच्या वेळी आई मागच्या पलंगावर झोपलेली.

बाईंनी सगळ्यांना गप्प केलं. मुलगी कुजबुजली:

“आईचं घोरणं जिना चढतं,
मधेच एक पायरी चुकतं.
मीही माझा श्वास धरते.
ते पुढं चढलं, की वही उघडते.”

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की मुलगी दचकून मागे सरली, हेडफोनची वायर निघाली आणि तो सगळा गलका त्या खोलीत घुमला. पलंगावरून विस्कटलेल्या केसांची आई ताडकन उठली.

“काय झालं? कोण आलंय?”

“काकू, तुम्ही घोरता!” एका आगाऊ मुलाने लगेच सांगून टाकलं.

“मी? काहीतरीच काय! वाच बघू.”

मुलीने वाचलं, या वेळी मोकळ्या आवाजात. आई हसत ऐकत होती; तिसऱ्या ओळीला तिचं हसू थांबलं.

“श्वास का गं धरतेस?”

“तू परत घोरेपर्यंत भीती वाटते.”

“अगं वेडाबाई! कूस बदलत असते मी.” आईने तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून मोबाईलकडे पाहिलं. “बाई, माझी झोप मोडली तरी चालेल, पण हिला आता मोठ्यानं बोलायला लावा. हिचा आवाज मलाच कितीतरी दिवसांनी ऐकू आला.”

बाई काही बोलणार तोच आईने टेबलावरचं पेन उचललं.

“मीही हिच्यावर चार ओळी लिहू का? यमक लागतं?”

“नाही!” वर्ग ओरडला.

“मग सोपंच आहे की,” असं म्हणून तिने मुलीच्या वहीचं कोरं पान उघडलं, आणि मुलगी तिच्या खांद्यावरून डोकावून पहिल्याच शब्दातली वेलांटी दुरुस्त करू लागली.