कागदाचा कोट

शाळेतून आल्या आल्या भिंगरीने दप्तर भिरकावलं, जमिनीवर छापील कागद अंथरले आणि बघता बघता खोलीत एक देश उभा राहिला. एका पानावरची रेघ कडेला गडप व्हायची आणि शेजारच्या पानावर पुन्हा उगवायची, डोंगराआडून नदी बाहेर पडावी तशी. चिकटपट्टी लावत भिंगरी गुडघ्यांवर त्या देशातून हिंडत होती. हा खांदा, ही पाठ, ही बाही!

हा देश, म्हणजे आईच्या कोटाचा नमुना, मावशीने समुद्रापलीकडून पाठवला होता. आई आणि मावशी दोघी शिवणकाम करणाऱ्या. पूर्वी एकाच टेबलावर कापड बेतायच्या. दूर जाताना मावशी निळं रेशीम देऊन गेली होती, "ताईचा कोट मीच बेतणार" असं बजावून. आईने जगाला कपडे शिवले, स्वतःला मात्र कधीच नाही. तसलं रेशीम पुन्हा मिळणार नव्हतं. आणि कात्री मीच चालवणार, असा भिंगरीने हट्ट धरला होता.

आधी मावशीने साधी फाइल पाठवली, तर इथे उघडताच काख घसरून कॉलरला भेटायला गेली. "मावशी, पीडीएफ करून पाठव," भिंगरीने ऐटीत सांगितलं. "त्यात रेघ जिथल्या तिथे राहते. समुद्र ओलांडला तरी हलत नाही." आणि खरंच, काही म्हणता काही हललं नव्हतं.

एका पानाच्या कोपऱ्यात छोटासा चौकोन होता. खिसा! किती गोड! भिंगरीने आधी तोच कापला, कापडाच्या काठापासून जरा आत. रेशमातून कात्री मासोळीसारखी गेली. मग व्हिडिओ कॉल लावून तिने तो तुकडा मावशीसमोर फडकवला.

"हे काय गं?"

"खिसा!"

"मी कुठे खिसा काढलाय?"

"मग हा चौकोन?"

"अगं भिंगरे, तो मोजायला असतो! दोन इंच भरला तर बाकीचं सगळं बरोबर. मोज बघू."

कमी भरला. छापताना तिने 'पानात बसवा' निवडलं होतं, आणि प्रिंटरने मुकाट्याने अख्खी आई आटवली होती.

"यात मावायचं तर मला पुन्हा आठवीत बसावं लागेल," दारातून आई म्हणाली.

भिंगरीने भोक पडलेलं रेशीम पुढे केलं. आईने ते खिडकीशी धरलं. चौकोनातून आभाळ दिसलं, कापडाइतकंच निळं.

"पूर्ण बाही काही निघत नाही," ती फोनकडे बघत म्हणाली.

"मग कोपरापर्यंतच काढते," मावशी म्हणाली. "तशीही तू बाह्या दुमडूनच बसतेस, ताई. लहानपणापासून."

"तुला अजून आठवतं?"

"न आठवायला काय झालं! गप्प बस, काढू दे मला."

नवी पीडीएफ आली. या वेळी भिंगरीने 'मूळ आकार' निवडला, चौकोन मोजला, पुन्हा मोजला, मगच कागद जोडले. आई चपला काढून पाठीच्या कागदावर अलगद आडवी झाली. खांद्याला खांदा, कंबरेला कंबर. तिच्याभोवतीच्या रेघा अशा दिसत होत्या, जणू जवळ बसून कुणी तिच्या कडेकडेने बोट फिरवतंय. आईने डोळे मिटले. फोनमधली मावशी पुढे झुकून बघत होती.

"आई, ऊठ ना. कापायचंय," शेवटी भिंगरी कुजबुजली.

"थांब गं जरा," आई म्हणाली. "माप घेतेय ती."