मोठा कॅम

"लहान नको, मिस्त्री. मोठाच बसवायचाय," बाई म्हणाल्या आणि हातभर लांबीचा खोका त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

तोवर मी पाऊण तास घसा कोरडा करून त्यांना नेमकं उलट सांगत होतो. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला एक पोलादी दांडा. तो फिरला की उंचवटे व्हॉल्व्ह ढकलून उघडतात. इंजिनाने श्वास कधी आणि किती घ्यायचा ते तोच ठरवतो. शर्यतीच्या गाडीला मोठे उंचवटे शोभतात, पण रोज वापरायच्या गाडीला म्हणजे नाकापेक्षा मोती जड. सिग्नलला उभी राहिली की थरथरणार, हळू चालवली की गुदमरणार, आणि मागचा माणूस हॉर्न वाजवत असताना नेमकी बंद पडणार. बाई याच गाडीने रोज कामावर जात आणि आठवड्यातून दोनदा नवऱ्याला इस्पितळात नेत. अशा गाडीला लहान कॅम पुरतो, जरा तरतरी येते आणि कुणाला जाच होत नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि खोका आणखी माझ्याकडे सरकवला.

कॅम त्यांनी स्वतःच बाहेरून मागवला होता. बाई शिवणकाम शिकवत. वर्गातली चाळीस यंत्रं त्याच उघडत आणि त्याच जोडत, त्यामुळे त्यांच्या नखांतही माझ्यासारखंच तेल असायचं. अशा गिऱ्हाइकाशी वाद घालणं कठीण, कारण ते गप्प बसतं ते पटलं म्हणून नव्हे.

गाडी त्यांच्या नवऱ्याची. दोन दारांची, बुटकी, आत बसायचं तर आधी गुडघे पोटाशी घ्यावे लागणारी. लग्नाआधी साहेब तिच्यातून डोंगरावरच्या शर्यतींत धावायचे. लग्न ठरलं आणि त्यांनी मोठा कॅम काढून साधा बसवला, संसाराला लागले. पुढची वीस वर्षं त्या जुन्या कॅमच्या आवाजाचं वर्णन करून त्यांनी घरच्यांचे कान किटवले. आता त्यांची फुफ्फुसं गेली होती. बाहेर गाडीतच ते बसून होते, मांडीवर ऑक्सिजनची छोटी टाकी घेऊन.

"मी तो आवाज कधी ऐकलाच नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "नुसता यांच्या तोंडून ऐकलाय. डॉक्टर म्हणतात, फार तर तीन महिने. मला यांना एकदा तो ऐकवायचाय. मग गाडी बंद पडू दे नाहीतर काही होऊ दे."

मी सोमवारी गाडी आणा म्हटलं.

बाई समोरच्या दुकानात औषधं आणायला गेल्या, तशी साहेबांनी काच खाली करून मला बोटाने खुणावलं. मी वाकलो. ते एका दमात चार शब्दांपलीकडे बोलू शकत नव्हते, मधे मधे थांबत.

"मोठाच सांगितला ना हिने?"

मी हो म्हटलं.

"लहान बसवा. मी काय, आज आहे उद्या नाही. गाडी हिलाच चालवायचीय. सिग्नलला बंद पडली की ही घाबरते. कुणाला सांगत नाही, पण घाबरते."

"मग बाईंना काय सांगू?"

"मोठाच बसवलाय म्हणून सांगा. खोटं बोलायला मिस्त्री लोकांना शिकवावं लागतं होय?" ते हसले आणि हसण्याची खोकल्याने लगेच वसुली केली. खोकला थांबल्यावर म्हणाले, "माझ्यापेक्षा गाडीलाच आता जास्त दम आहे. तो तिच्या कामाला येऊ दे."

मिस्त्री लोकांच्या खोट्याची ती थट्टा मला झोंबली. तीस वर्षांच्या धंद्यात मी हजार चुका केल्या असतील, पण एक बसवून दुसरा सांगितला, असं कधी झालं नव्हतं. माझ्या गॅरेजची रीतच होती की काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. जुना पट्टा असो, गंजका बोल्ट असो, पुसून, फडक्यात गुंडाळून. बघा, हे तुमच्या गाडीतून निघालं. लोक घरी नेऊन फेकून देत असतील, पण शंकेला जागा राहत नसे. त्या रीतीच्या जोरावर मी इतरांना नाक मुरडत आलो होतो.

सोमवारी गाडी आली. इंजिनाचं झाकण उघडून दोन्ही कॅम शेजारी ठेवले. एक बाईंचा, एक माझ्या कपाटातला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. बायकोला विचारावं तर ती म्हणाली असती, तुम्हाला कुणी विचारलंय का, सांगितलं ते करा. पण सांगितलं होतं दोघांनी. दुपारपर्यंत मी नुसतीच साफसफाई करत राहिलो. शेवटी मनाशी म्हटलं, मरणाऱ्याचा शब्द मोडू नये, आणि लहान बसवला. खरं कारण तेवढंच नव्हतं. बाई भर चौकात बंद गाडीत एकट्या बसल्यात, हे चित्र माझ्याने बघवत नव्हतं.

मोठा कॅम तेलकट कागदासकट खोक्यात घालून कपाटात ठेवला. बाईंच्या हाती जुना, झिजलेला दिला. म्हणजे रीत अर्धी पाळली.

रविवारी ती दोघं डोंगराच्या रस्त्यावर जाऊन आली आणि परतताना गॅरेजसमोर थांबली. बाईंचा चेहरा मी इतका फुललेला कधी पाहिला नव्हता. चौथ्या वळणानंतर त्यांनी गाडी जोरात पळवली तेव्हा साहेबांनी डोळे मिटून हात वर केला होता. "हाच, हाच तो आवाज," असं म्हणाले होते. बाई ते मला दोनदा सांगून गेल्या. शेजारच्या सीटवरून साहेब माझ्याकडे बघत होते. मी नजर चुकवली, तर तेच म्हणाले, "मिस्त्री, काम चोख झालंय." मला स्वतःची लाज वाटली आणि त्या माणसाचा हेवाही वाटला.

तीन महिने म्हणता म्हणता ते सातव्या आठवड्यात गेले.

त्यानंतर चारेक महिन्यांनी बाई एकट्या आल्या. वाळल्या होत्या, पण सरळ उभ्या होत्या. म्हणाल्या, तो मोठा कॅम आता काढून टाका. तसा अजून त्याने काही त्रास दिला नाही, पण प्रत्येक सिग्नलला आता बंद पडेल, मग बंद पडेल म्हणून जीव मुठीत धरून बसावं लागतं. वर्गाला वेळेवर पोचायचं असतं. "आणि काढलेला मला द्या. घरी ठेवीन," त्या म्हणाल्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एकदा खोटं बोललेल्या माणसाला दुसरं खोटं सोपं वाटतं. मी म्हटलं, परवा या. त्या दोन दिवसांत मी व्हॉल्व्हची फट तपासली, तेल बदललं आणि झाकण लावलं. मग कपाटातून मोठा कॅम काढला, त्याच्यावरचं घट्ट ग्रीस पुसलं, वर काळं जळकं तेल चोळलं आणि फडक्यात गुंडाळला. माझ्या तीस वर्षांच्या रीतीला मी आपल्या हाताने काळं फासलं.

बाई आल्या. मी गाठोडं पुढे केलं. त्यांनी ते घेऊन लगेच पिशवीत टाकलं असतं तर झाकली मूठ राहिली असती. पण त्यांनी फडकं उलगडलं, दांडा उजेडात धरला आणि अंगठ्याने एका उंचवट्यावरचं तेल पुसलं. मग दुसऱ्यावरचं. मग सगळ्यांवरचं, एकेक करून. अंगठा त्या धातूवर सावकाश फिरत होता.

"हा फिरलेला नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी दांडा माझ्यासमोर धरला.

"फिरलेल्या पोलादावर वाट पडते, मिस्त्री. मी मुलींना पहिल्या आठवड्यात हेच शिकवते. यावर एक रेघसुद्धा नाही."

मग मी सगळं सांगितलं. बाई औषधं आणायला गेल्या होत्या ते, काच खाली झाली ते, सिग्नलचं, घाबरण्याचं. शब्द न शब्द सांगितला, स्वतःची बाजू मांडली नाही. बाई दांडा तसाच हातात धरून ऐकत राहिल्या.

"म्हणजे त्या दिवशी डोंगरावर यांना माहीत होतं."

"पहिल्यापासून."

"आणि तरी हात वर केला." त्यांना रडू फुटलं. त्या भिंतीकडे वळल्या, जिथे माझे पाने ओळीने टांगलेले होते. मीही रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

"मला वाटलं, मी यांना काहीतरी दिलं," त्या म्हणाल्या.

"दिलंत की. मोठ्या कॅमच्या आवाजाने ते वीस वर्षांपूर्वीच तृप्त झाले होते. चौथ्या वळणानंतर तुम्ही गाडी पळवत होतात. त्यांनी तुम्हाला ऐकलं."

हे मी बरं वाटावं म्हणून बोललो की मला तसंच वाटत होतं, ते आजही सांगता येणार नाही. कॅम फडक्यात नीट गुंडाळून बाईंनी माझ्या टेबलावर ठेवला. शर्यतीत धावणारं कुणी आलं तर त्याला द्या म्हणाल्या. गाडीत बसल्या, आरसा सारखा केला आणि निघाल्या.

कोपऱ्यावर सिग्नल लागला. त्यांची गाडी सगळ्यांच्या पुढे उभी होती. मी दारातून कान देऊन ऐकत होतो, पण इंजिन इतकं शांत चालत होतं की माझ्यापर्यंत काहीच येईना. हिरवा लागला आणि ती बुटकी गाडी, कुणालाही हॉर्न वाजवावा न लागता, पुढे निघून गेली.