खिडकीकडची बाजू

लोरेट थिबोने मान खाली घालून "हो" म्हटलं, पण म्हटलं ते चांगलं घसा मोकळा करून. गावाच्या वार्षिक सभेसाठी शाळेच्या व्यायामशाळेत निम्मंअधिक गाव जमलं होतं आणि त्यातल्या बहुतेकांनी तिच्याबरोबरच "हो" म्हटलं. मग "नाही"ची पाळी आली. तो आवाज एवढा बारीक निघाला, की बहिऱ्यालाही निकाल कळला असता.

"मला वाटतं, 'हो'वाले जिंकले," सभापती अल्टन पर्लने लाकडी हातोडा उचलला.

लोरेटचा जीव भांड्यात पडला. ठराव साधा होता. केंद्र सरकारची जी माणसं देशात राहायचे कागद नसलेल्या परदेशी लोकांना शोधत फिरतात, त्यांना गावचा पोलीस मदत करणार नाही, रस्त्यात गाडी अडवून कोणाला त्यांच्या हवाली करणार नाही. याच विषयावरून वॉशिंग्टनमध्ये वर्षभर रण माजलं होतं, टीव्हीवर माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. पण लोरेटच्या लेखी ही सगळी बाब एका रस्त्याची होती. तिच्या गोठ्यामागच्या खोलीत निदिया दिवस भरत आलेलं पोट घेऊन बसली होती. इस्पितळ तीस मैलांवर, आणि तिकडे जायचा रस्ता एकच, गावच्या चौकातून. चौकात पोलिसाची गाडी. निदियाचा नवरा एव्हारिस्तो आठ वर्षं लोरेटच्या गायींचं दूध काढत होता. कागद दोघांकडेही नव्हते.

मालकाने स्वतः गाडी चालवूनही भागत नव्हतं. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका शेतकऱ्याने गड्याला दाताच्या डॉक्टरकडे न्यायला काढलं, तर मागचा दिवा फुटलाय म्हणून गाडी अडवली गेली आणि शेजारच्या सीटवरून माणूस उचलला गेला. मालकावरही माणूस लपवल्याचा खटला लागला. तेव्हापासून खोऱ्यातल्या सगळ्या गोठ्यांची पाचावर धारण बसली होती.

सकाळी निघताना एव्हारिस्तोने विचारलं होतं, "बाई, आज ठरलं, तर मी तिला गाडीतून नेऊ शकेन ना?"

"नेशील की. गाव माझ्या ओळखीचं आहे," ती म्हणाली होती.

गाव ओळखीचं होतं यात खोटं काही नव्हतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत याच गावाने सीमेवर कडक व्हा म्हणणाऱ्यांना भरभरून मतं दिली होती आणि त्यात लोरेटचंही एक होतं. अंगणात तिने त्यांच्या प्रचाराची पाटीसुद्धा लावली होती. तेव्हा बोलणं चाललंय ते दुसऱ्याच कोणाबद्दल तरी, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. तिचा एव्हारिस्तो त्यात येतो हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"थांब, अल्टन." मागून ड्वेन कॉरो उठला. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढणारा हा माणूस दर सभेत एकदा तरी उठायचाच. "ओरडण्यात काय आहे? माझा नातू माझ्याहून मोठ्याने ओरडतो. उभे राहून दाखवा म्हणावं."

सात जणांनी हात वर केले की सभापतीला ऐकावंच लागतं, हा गावाचा जुना रिवाज. ड्वेनच्या आजूबाजूला सात हात वर झाले.

"ठीक आहे," अल्टन म्हणाला. "'हो'वाले रंगमंचाकडे, 'नाही'वाले खिडक्यांकडे. मध्ये रेंगाळू नका, मोजताना माझी पंचाईत होते."

सात जणांनी मागितलं असतं तर चिठ्ठ्या टाकूनही मत घेता आलं असतं. लोरेटला ते ठाऊक होतं. तिचा हात खांद्यापर्यंत गेलासुद्धा. पण चिठ्ठी मागणाऱ्याला काय लपवायचंय ते सगळ्यांना तिथल्या तिथे कळलं असतं. पाहुण्यांच्या खुर्च्यांत एक अनोळखी तरुण फोन उभा धरून बसला होता आणि तो कुठून आलाय हे कोणालाच माहीत नव्हतं. लोरेटने वर गेलेला हात केसांवरून फिरवला आणि खाली घेतला.

खुर्च्या सरकू लागल्या. शेजारी हॉलिस बेडार बसला होता. त्याचा गोठा लोरेटच्या गोठ्यापासून दोन शेतं सोडून होता आणि त्याच्याकडेही एक बिनकागदाचा गडी होता, ओक्तावियो.

"कुठे उभा राहणार आहेस?" लोरेटने हळूच विचारलं.

"गुडघे धरलेत माझे," हॉलिस बुटांकडे बघत म्हणाला. "खिडकी जवळ पडते."

आणि तो चालू लागला. लोरेट क्षणभर खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. आपल्या एका मताने काय अडतंय, तिने मनाशी म्हटलं. आवाज तर सगळ्यांनी ऐकलाच होता, ठराव होणारच. उगाच रंगमंचाकडे उभं राहून उद्या सकाळी गोठ्यासमोर केंद्राच्या माणसांची गाडी कशाला ओढवून घ्या? तीही खिडकीकडे गेली.

तिथे पोचल्यावर तिने मान वर केली. गोठेवाले झाडून सगळे तिथे होते. लाफ्लाम बंधू, जिच्या गोठ्यात डेलिया राबायची ती मिसेस ऑडेट, हॉलिस. ज्यांच्या ज्यांच्या दूधखोलीमागे अशा एखाद्या गड्याची खाट होती, ते एकूण एक खिडकीला पाठ लावून, जमिनीकडे बघत उभे होते. समोर रंगमंचापाशी ग्रंथालयातली बाई होती, पाद्री होता, शाळेतले मास्तर होते, निवृत्त होऊन बॉस्टनहून आलेलं जोडपं होतं. त्यांच्यातल्या एकाच्याही घरी गाय नव्हती.

अजून चार पावलं टाकता आली असती. लोरेटने हॉलिसकडे पाहिलं, हॉलिसने मिसेस ऑडेटकडे. कोणी हललं नाही. अल्टन बोट नाचवत मोजत गेला. ठराव नऊ मतांनी पडला.

"शाबास!" ड्वेनने हॉलिसच्या पाठीत थाप मारली. "तुम्ही लोक इतके पक्के असाल असं वाटलं नव्हतं बुवा मला!"

हॉलिस जेवणाच्या रांगेकडे वळला.

जेवणाला चर्चमधल्या बायकांनी केलेले बीन्स होते, हॅम होतं. लोरेटने ताट तसंच बाजूला ठेवलं. ती उगाचच भांडी घासायला थांबली, मग खुर्च्या रचायला थांबली. शेवटी सगळे गेले आणि तिला घरी जावंच लागलं.

गोठ्यात संध्याकाळचं दूध काढणं सुरू झालं होतं. एव्हारिस्तो एका गायीची कास पुसत होता.

"हरलो रे," लोरेट दारातूनच म्हणाली.

"कळलं. ओक्तावियोचा फोन आला होता." त्याने गायीला यंत्र लावलं आणि उठून उभा राहिला. "निदियाला दुपारपासून कळा येतायत. पाणी तापवून ठेवलंय."

"अरे देवा. किती किती वेळाने येतायत?"

"अजून लांब आहेत. आईने माझ्या बहिणीचं बाळंतपण घरीच केलं होतं, मी थोडंफार बघितलंय." एवढं बोलून त्याने ओले हात विजारीला पुसले. "बाई, तुम्ही आपल्याच बाजूला उभ्या होतात ना?"

लोरेटने गरज नसताना एक बादली उचलून दुसरीकडे ठेवली.

"हो," ती म्हणाली.

"ओक्तावियोचे मालकही आपल्याच बाजूला होते म्हणे. डेलियाला तिच्या मालकिणीने फोन करून तेच सांगितलं. लाफ्लामसाहेब, दोघेही भाऊ, तेही तिकडेच होते." एव्हारिस्तोच्या कपाळाला आठी पडली. "सगळेच होते, बाई. मग हरलो कसे?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच उलगडा होत नव्हता, आणि तो तिच्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिला.