वाळवीची खुर्ची

"आज पुन्हा खुर्ची सरकवली या पोरीने! मी आपली भिंतीला लावून ठेवते, की ही बया नेऊन टेकवते खिडकीला," आत्या माझ्यावरची धूळ झटकत पुटपुटली. तिला माझ्या पायांनी फरशीवर उठलेल्या ओरखड्यांचा राग. माझ्या मनात मात्र तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली.

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. पुस्तकं बांधणाऱ्या एका कारागिराच्या पुढच्या खोलीत माझी उमेदीची वर्षं गेली. गिऱ्हाइकं माझ्यावर टेकायची आणि म्हणायची, "वा, काय ऐसपैस!" पुढे वेत तुटला. मग मला कोपऱ्यात ढकलून माझ्यावर पुठ्ठे रचले. त्या पुठ्ठ्यांखालून मला बाहेर काढलं ते कारागिराच्या मुलीने. तिने सुतळीने माझी बैठक विणली. विणली वाकडीतिकडी, पण तेव्हापासून मी तिची झाले.

पोर म्हणजे नुसता वारा. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, चपला दुसरीकडे. बांधायला आलेलं एखादं पुस्तक उचलायचं आणि माझ्यात आडवं पसरायचं. बाबा तिला वाळवी म्हणत. "गिऱ्हाइकाच्या आधी आमची वाळवी पुस्तक फस्त करते," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगताना त्यांची छाती फुगायची. ती उंबऱ्याला ठेचकाळली, की आई म्हणे, "तंद्रीत असते हो." शेजारच्या काकूंना तिने जिन्यात ओळख दिली नाही, तर "मनस्वी आहे!" एकदा पुठ्ठे चिकटवायच्या खळीच्या पातेल्यात पाय घातला, तेव्हा तर सगळं घर पोट धरून हसलं.

मला हसू आलं नाही. तिचं नाक पानाला टेकायला लागलं होतं. एकेक पान तासभर उलटत नव्हतं. संध्याकाळी ती सगळ्यांना वाचून दाखवायची. गेल्या महिन्यात बुडालेला नावाडी या खेपेला पोहत काठाला लागला. पुस्तक तर तेच!

"किती गोड वाचते," आत्या म्हणाली. बाबांच्या हातातली सुई मात्र मध्येच थांबली. आईने पोरीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि झटकन मान वळवली. आता मला या दोघांचाही संशय येऊ लागला.

एकदा पोर शाळेत असताना आई म्हणाली, "डॉक्टरांना दाखवून आणू या का हिला?"

"काय दाखवायचंय?" बाबा म्हणाले. "वाचते की मजेत."

"तसं नाही..."

"आणि त्यांनी वाचनच बंद करायला सांगितलं तर? काय उरेल तिच्याकडे?"

मी जरा करकरले, पण खुर्चीचं कोण ऐकतं?

मग एका सुट्टीच्या दिवशी बाबा घाईत होते. बांधून वाळलेलं पुस्तक पोरीने उचललं आणि दुपारभर घराला वाचून दाखवलं. दरोडेखोर, जंगल, घोडे, अगदी आवाज बदलून. गिऱ्हाईक आलं म्हणून बाबांनी ते तिच्या हातून घेतलं, उघडलं, आणि जागच्या जागी थबकले.

"अरे देवा. पुठ्ठा सुलटा आणि आतली सगळी पानं उलटी चिकटवली मी."

"म्हणजे आमची वाळवी उलटंही वाचते की काय?" आत्या हसली. हसणारी ती एकटीच. मग तीही थांबली.

पोरीने माझे दोन्ही हात घट्ट धरले. रोज पिसासारखी बसणारी ती, त्या दिवशी मला पेलवेना.

"थोडं... थोडं दिसतं मला," ती म्हणाली. "गोष्ट चांगली होती ना पण?"

मित्रांनो, माझ्या सुतळीची गाठ सुटली, तर ती पुन्हा बांधता येते; हातचा गेलेला वेळ मात्र परत येत नाही. आपल्या माणसाचं कौतुक जरूर करा, पण ते करताना त्याच्याकडे नीट बघतही जा. कौतुकाला धक्का लागेल म्हणून डोळेझाक करू नका.

गिऱ्हाईक दारात ताटकळत होतं. आई फरशीवर, माझ्या पायाशी बसली. तिने पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"तुला अक्षरं दिसत नाहीयेत, बाळा. आम्हाला माहीत आहे. बऱ्याच दिवसांपासून."